परसातील कोंबडी घरी कापताना घ्यावयाची दक्षता

आषाढ महिन्यात हैदराबाद शहरात बोनालूचा उत्सव साजरा होतो. गोवळकोंड्याच्या किल्ल्यापासून आरंभ होऊन सिकंदराबादची उज्जैनी महांकाळी व पुढे जुन्या शहरातील लाल दरवाजा असा त्याचा क्रम असतो. देवीला भाताचा नैवेद्य गेला की पुष्कळ घरी कोंबडा कापला जातो. नेमक्या याच महिन्यात मराठवाड्यातील खेड्यापाड्यांतून मरीआईला आखाडाचा नैवेद्य दाखविण्याची चाल आहे. हे दोन्ही प्रदेश १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते, आणि राज्यांच्या सीमा बदलल्या तरी या बाबतीतील घरगुती रीत फारशी बदललेली नाही. दुकानातून कापलेले मांस आणण्याचे प्रमाण शहरात पुष्कळ वाढले आहे. परंतु परसात वाढलेला कोंबडा मात्र बहुधा परसातच कापला जातो. मोरीजवळ किंवा आडाच्या कडेला घमेले मांडून घरची माणसेच हे काम उरकतात.

परसातील कुक्कुटपालनाच्या दृष्टीने हैदराबादला आणखीही एक महत्त्व आहे. शहरालगत राजेंद्रनगर येथे भारतीय कृषि संशोधन परिषदेचे कुक्कुट संशोधन संचालनालय आहे. १९८८ मध्ये प्रकल्प संचालनालय म्हणून त्याची स्थापना झाली. परसातील संगोपनाकरिता ‘वनराजा’ व ‘ग्रामप्रिया’ या सुधारित जाती तेथेच विकसित झाल्या असून महाराष्ट्रातील अनेक पक्षिपालकांना त्या परिचित आहेत. वनराजा ही अंडी व मांस अशा दुहेरी उपयोगाची जात आहे. परसात तिच्यापासून वर्षाकाठी सुमारे शंभर अंडी मिळतात, तर ग्रामप्रिया मुख्यतः अंड्यांसाठी पाळली जाते. तथापि कोणत्याही जातीची पिले उबवली तरी त्यांत जवळजवळ निम्मे नर निघतात. एका कळपाला एखाददुसरा नर पुरेसा होतो. बाकीचे चार-पाच महिन्यांचे झाले की विकले जातात किंवा कापले जातात. अंडी देण्याचे थांबलेल्या कोंबडीचाही शेवट असाच होतो. म्हणजे परसात पक्षी पाळणाऱ्या कुटुंबाला कापण्याचे काम चुकत नाही. असे असूनही संगोपन, खाद्य व लसीकरण यांविषयी जेवढे मार्गदर्शन केले जाते, त्याच्या अंशानेही या शेवटच्या कामाविषयी केले जात नाही.

या कामातील धोक्याबद्दल लोकांत एक समज रूढ आहे. रोगट कोंबडी खाल्ल्याने बाधा होते व ती नीट शिजवली की भय उरत नाही, असे मानले जाते. यातील शिजवण्याविषयीचा भाग खरा आहे. मांसाच्या सर्व भागांत ७० अंश सेंटिग्रेड वा त्याहून अधिक उष्णता पोहोचली की बर्ड फ्ल्यूचा विषाणू नष्ट होतो आणि आपल्याकडील रस्सा त्याहून कितीतरी अधिक वेळ उकळतो. परंतु कोंबडी पातेल्यात पडण्यापूर्वीचा तास-दीड तास या समजुतीत हिशेबात धरलेला नाही. मान कापताना रक्त उडते, पिसे उपटताना ओली धूळ नाकातोंडात जाते, आतडी काढताना विष्ठा हाताला लागते. बाधित पक्ष्याच्या बाबतीत माणसाला लागण होण्याचा संभव याच वेळी सर्वांत अधिक असतो. घरातील कामाची वाटणी पाहिली तर कापण्याचे काम क्षणभराचे असते व ते पुरुष करतो. पिसे काढणे, पोट साफ करणे व तुकडे करणे हे वेळखाऊ काम स्त्रियांकडे येते आणि मुले भोवती बसून असतात. ताटावर बसणारा सुरक्षित राहतो व घमेल्याजवळ बसणारी धोका पत्करते.

मलूल कोंबडी सुरीखाली का जाते?

सकाळी खुराडे उघडल्यावर एखादी कोंबडी पंख पाडून, मान आखडून कोपऱ्यात बसलेली आढळते. दुपारपर्यंत ती मरेल असे दिसते. गावरान कोंबडी ही काही शे रुपयांची वस्तू आहे आणि गरीब कुटुंबास तो तोटा लहान नाही. तेव्हा ‘मरण्याआधी कापून घेऊ’ असा निर्णय घेतला जातो. मेलेली कोंबडी निषिद्ध, पण मरू घातलेली चालते, अशी ही सीमारेषा आहे. त्यामागे अडाणीपणा आहे असे म्हणून तिची बोळवण करणे योग्य नव्हे. तीमागे साधा व्यवहार आहे, आणि बहुतेक वेळा काही विपरीत घडत नाही हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभवही आहे.

हा अनुभव मानमोडी म्हणजेच राणीखेत रोगाच्या काळातला आहे. राणीखेत रोगाने खुराडीच्या खुराडी रिकामी होतात. मात्र माणसाला त्यापासून सहसा डोळे येण्यापलीकडे त्रास होत नाही. पूर्वीच्या लोकांनी मानमोडीच्या कोंबड्या कापल्या, खाल्ल्या, व त्यांना काही झाले नाही. परंतु बर्ड फ्ल्यू आपल्याकडे आला तेव्हापासून ही स्थिती बदलली. भारतातील त्याचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे सिद्ध झाला. लगोलग जळगाव जिल्ह्यात तो आढळला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे कोंबड्या मृत्युमुखी पडल्या त्याचे कारणही हेच निघाले. हैदराबादच्या परिसरात एप्रिल २०१५ मध्ये हयातनगरजवळील तोर्रूर येथे या रोगाची नोंद झाली होती. एकाएकी मरतूक, तुरा निळा पडणे, डोके सुजणे, हिरवट हगवण, मान वाकडी होणे ही लक्षणे दोन्ही रोगांत कमीअधिक आढळतात. मानमोडी कोणती व बर्ड फ्ल्यू कोणता हे अनुभवी पक्षिपालकालाच काय, पशुवैद्यकालाही नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. त्याचा निर्णय भोपाळ येथील राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत नमुना तपासल्यावरच होतो. तेव्हा आजोबांच्या काळी जी मलूल कोंबडी निर्वेधपणे कापली गेली, तीच आज कापणे ही निराळी गोष्ट आहे.

हा धोका अद्याप क्वचित घडणारा आहे हेही सांगितले पाहिजे. भारतात बर्ड फ्ल्यूने माणसाचा मृत्यू झाल्याच्या घटना अत्यल्प आहेत. परंतु मार्च २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातील पालनाडू जिल्ह्यातील दोन वर्षांची एक बालिका एच-५-एन-१ या विषाणूच्या संसर्गाने दगावली. आजारी पडण्यापूर्वी, घरी कोंबडीचे मांस कापले जात असता तिला कच्च्या मांसाचा एक लहानसा तुकडा देण्यात आला होता, असे त्या वेळच्या वृत्तांत नमूद आहे. घरातील ज्यांनी ते मांस शिजवून खाल्ले त्यांना काही झाले नाही. कापताना मुलाच्या हाती किंवा तोंडी काही देणे हा कौतुकाचा प्रकार अनेक घरी घडतो. तो पूर्णपणे बंद झाला पाहिजे. पाच वर्षांखालील मुलांना या कामाच्या जागी बसूच देऊ नये.

मग मलूल कोंबडीचे करावे काय? एकच पक्षी आजारी असेल तर तो वेगळा ठेवून पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावा. एक-दोन दिवसांत अनेक पक्षी मरू लागले तर एकही पक्षी कापू नये, विकू नये व पाहुण्याच्या हाती देऊ नये. ग्रामपंचायतीस व पशुधन विकास अधिकाऱ्यास तत्काळ कळवावे. २००९ च्या प्राण्यांतील सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण कायद्यान्वये अनुसूचित रोगाची अशी वर्दी देणे हे मालकाचे कर्तव्यच आहे. कळविले तर सगळ्या कोंबड्या मारून टाकतील, ही भीती निराधार नाही. बर्ड फ्ल्यू सिद्ध झाल्यास हल्लीच्या कृति-आराखड्यानुसार एक किलोमीटरच्या परिघातील पक्षी नष्ट केले जातात. परंतु अशा रीतीने नष्ट केलेल्या पक्ष्यांबद्दल नुकसानभरपाई मिळते, रोगाने आधीच मेलेल्या पक्ष्यांबद्दल मिळत नाही. म्हणून वर्दी जितकी लवकर जाईल तितका मालकाचा तोटा कमी. दडवून ठेवणाऱ्याचे पक्षीही जातात व भरपाईही जाते. ही गोष्ट शिक्षकांनी व ग्रामसेवकांनी गावसभेत स्पष्ट सांगावी, कारण भरपाईची माहिती बहुधा रोग येऊन गेल्यानंतरच गावात पोहोचते.

मानमोडीवर मात्र स्वस्त व खात्रीचा उपाय उपलब्ध आहे. पिलांना पहिल्या आठवड्यात लासोटा व आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी लस दिली की मरतूक पुष्कळच घटते. ज्या कळपास लस दिलेली आहे त्यात मरतूक झाली तर संशय घेण्यास अधिक कारण आहे, हाही लसीचा एक उपयोग समजावा.

कापण्याची पूर्वतयारी

कापावयाचा पक्षी तरतरीत, डोळे स्वच्छ असलेला, तुरा लाल व गुदद्वाराभोवतीची पिसे कोरडी असलेला असावा. त्याला औषध चालू असल्यास औषधाच्या वेष्टनावर सांगितलेले वर्ज्य दिवस उलटेपर्यंत थांबावे. आदल्या सायंकाळी त्याचे खाद्य बंद करावे, पाणी मात्र चालू ठेवावे. आठ ते बारा तासांत गळ्यातील अन्नपिशवी व आतडी बरीच रिकामी होतात आणि साफ करताना ती फुटून मांस खराब होण्याचा संभव कमी होतो. पक्षी दिवसा धावपळ करून पकडण्यापेक्षा रात्री खुराड्यातून अलगद काढून वेगळ्या पाटीखाली ठेवावा. अंधारात कोंबडीला फारसे दिसत नाही व ती निमूटपणे हाती येते. पाठलाग करून, पंखाला धरून आणलेल्या कोंबड्याच्या मांसावर पुढे जे लालकाळे डाग दिसतात, ते मुका मार लागल्याचे असतात.

जागा सावलीची, पाणी वाहून जाईल अशी व स्वयंपाकघरापासून दूर असावी. पिण्याच्या पाण्याच्या आडाला खेटून हे काम करू नये. सुरी अत्यंत धारदार असावी. बोथट सुरीने पक्ष्यास होणाऱ्या यातना अनावश्यक होत, आणि प्राण्यास अनावश्यक क्लेश देणे १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याच्या हेतूस सोडून आहे. कापणाऱ्याने व पिसे काढणारीने नाकातोंडावर रुमाल बांधावा. हातमोजे नसल्यास प्लास्टिकच्या स्वच्छ पिशव्या हातात घालून मनगटाशी बांधल्या तरी निभावते. हाताला जखम असेल त्याने या कामात पडू नये.

रक्तस्राव व आधणाचे पाणी

हैदराबादेत जसे धर्म व भाषा अनेक तशा कापण्याच्या पद्धतीही अनेक आहेत. हलाल करणारे आहेत, एका घावात मान तोडणारेही आहेत. धार्मिक विधीचा प्रश्न ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा आहे. मांसाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते इतकेच की मानेच्या दोन्ही बाजूंच्या मोठ्या रक्तवाहिन्या पुरत्या कापल्या जाव्यात व रक्त पूर्णपणे वाहून जाऊ द्यावे. यास दोन ते तीन मिनिटे लागतात. घाई येथेच होते. पक्षी फडफडत असतानाच तो गरम पाण्यात बुडविणे हे क्रूर तर आहेच, शिवाय अशा पक्ष्याची कातडी लालभडक होते व मांस लवकर नासते. पत्र्याचा शंकू करून भिंतीला ठोकला व त्यात पक्षी डोके खाली करून ठेवला तर तो फडफडत नाही, पंख मोडत नाहीत आणि रक्त भोवती उडत नाही. तेलाच्या जुन्या डब्याच्या पत्र्याचा असा शंकू कोणीही लोहार अर्ध्या तासात करून देईल. घरगुती साधनांत याहून उपयुक्त दुसरे नाही.

पिसे सुटण्यासाठी पाणी किती तापवावे, याविषयी घरोघरी अंदाज असतो व तो बहुधा चुकतो. उकळत्या पाण्यात बुडविलेल्या कोंबडीची कातडी अर्धवट शिजते व पिसाबरोबर सोलून येते. कोमट पाण्यात पिसे सुटत नाहीत, ओढाताण होते. पाणी सुमारे ६० अंश सेंटिग्रेड असावे आणि त्यात पक्षी मिनिटभर, वयस्क असल्यास थोडा अधिक वेळ, हलवत ठेवावा. उष्णतामापक नसेल तर आंघोळीच्या पाण्याप्रमाणेच आधणात विसण घालावे, मात्र मापाने. एक तांब्या उकळत्या आधणास एक तांब्या साधे पाणी, असे सारखे प्रमाण घेतले की भांड्याने थोडी उष्णता शोषून पाणी साठ अंशांच्या आसपास येते. हिवाळ्यात विसण किंचित कमी घालावे. पंखाचे मोठे पीस ओढून पाहावे. ते सहज निघाले की पक्षी बाहेर काढावा. आधी पंख व शेपटी, मग पाय, छाती व पाठ असा क्रम ठेवावा. पिसे कोरडी उपटू नयेत. ओल्या पिसांची धूळ कमी उडते आणि आजच्या काळात हा लाभ केवळ सोयीचा राहिलेला नाही.

हैदराबादच्या कोंबडीच्या दुकानांतील दरफलकावर ‘स्किन’ व ‘स्किनलेस’ असे दोन निराळे भाव लिहिलेले असतात. कातडीसह सोलून काढलेल्या कोंबडीस गरम पाणी लागतच नाही, काम झटपट होते. परंतु तेलुगू लोक जिला ‘नाटु कोडी’ म्हणतात व मराठी माणूस गावरान म्हणतो, तिची चव कातडीत असते अशी दोघांचीही समजूत आहे. म्हणून पिसे काढल्यावर हळद चोळून ती जाळावर फिरविली जाते. बारीक केस जळून जातात व वरची ओल आटते. पद्धत चांगली आहे. मात्र जाळ स्वच्छ लाकडाचा असावा. टायर, प्लास्टिक वा रॉकेलच्या चिंध्या यांवर भाजण्याचा प्रकार काही ठिकाणी आढळतो, तो घातक आहे.

पोट साफ करणे

यानंतर सुरी, हात व पाटा धुऊन घ्यावा. शेपटीवरील तेलाची गाठ कापून टाकावी. मानेजवळ चीर देऊन अन्नपिशवी व श्वासनलिका मोकळी करावी. मग गुदद्वाराभोवती गोल चीर द्यावी. सुरीचे टोक आत खोल जाऊ देऊ नये, आतडे फुटले की सारी मेहनत वाया जाते. हात आत घालून सर्व अवयव एकदम ओढून काढावेत. काळीज, हृदय व पेटा वेगळा करावा. काळजाला चिकटलेली हिरवी पित्ताची पिशवी फुटू न देता काळजाच्या थोड्याशा भागासह कापावी. पेटा उभा चिरून आतील खडे व पिवळे अस्तर काढावे. फुप्फुसे बरगड्यांना चिकटून राहतात, ती बोटाने खरवडून काढावीत. याच वेळी आतील अवयव नजरेखालून घालावेत. काळजावर पांढरे ठिपके, आतड्यांवर रक्ताचे डाग, पोटात पाणी किंवा दुर्गंधी आढळल्यास तो पक्षी खाण्यास घेऊ नये. वरून निरोगी दिसणाऱ्या पक्ष्याचा रोग कधी कधी येथे उघड होतो.

धुताना नळाच्या धारेखाली धरू नये. शिंतोडे उडून सॅल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर यांसारखे जंतू भोवतालच्या भांड्यांवर व भाजीवर जातात. स्वच्छ पाण्याच्या भांड्यात दोन-तीनदा बुडवून काढावे. निरोगी कोंबडीच्या आतड्यातही हे जंतू असतात, म्हणून ही काळजी प्रत्येक वेळी आवश्यक आहे. साफ केलेली कोंबडी जिवंत वजनाच्या साधारणतः दोन-तृतीयांश ते पाऊणपट भरते. ती तासाभरात शिजत घालावी. तसे करावयाचे नसल्यास बर्फाच्या पाण्यात थंड करून शीतकपाटात ४ अंशांखाली ठेवावी. मे महिन्यात मराठवाड्यात काय किंवा हैदराबादेत काय, परातीत झाकून दुपारभर ठेवलेले मांस रात्री शिजवणे धोक्याचे आहे. हैदराबादजवळ चेंगिचेर्ला येथे राष्ट्रीय मांस संशोधन संस्था आहे. स्वच्छ मांसोत्पादनाविषयीचे प्रशिक्षण तेथे दिले जाते. बचत गटांना ज्यांना विक्रीचा विचार करावयाचा आहे, त्यांना अशा प्रशिक्षणाचा लाभ होईल. घरच्या पातेल्यासाठी कापणे व दुसऱ्यास विकण्यासाठी कापणे यांत कायद्याने भेद आहे. विकणाऱ्यास २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली नोंदणी लागते.

टाकाऊ भागाची विल्हेवाट

आतडी व डोके कुत्र्यामांजरांपुढे टाकण्याची सवय सार्वत्रिक आहे. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरजवळील गोरेवाडा येथील बचाव केंद्रात तीन वाघ व एक बिबट्या मरण पावला, तो बर्ड फ्ल्यूमुळे असे तपासणीत आढळले. त्या वेळी कच्चे मांस हा लागणीचा एक संभाव्य मार्ग मानला गेला. मांजर हे वाघाच्याच कुळातले असून ते घरात, चुलीजवळ, मुलांच्या अंथरुणात वावरते. तेव्हा टाकाऊ भाग कच्चा कोणत्याही जनावरास घालू नये, उरलेल्या कोंबड्यांपुढेही टाकू नये. उकिरड्यावर फेकल्यास कावळे व कुत्री तो गावभर करतात. दोन-तीन फूट खोल खड्डा आधीच खणून ठेवावा, त्यात रक्त, पिसे व आतडी टाकून वर चुन्याचा थर द्यावा व माती दाबून घट्ट करावी. खड्डा पाणवठ्यापासून दूर असावा. पिसांत नत्र विपुल असते. पक्षी निरोगी असल्याची खात्री असेल तर पिसे शेणखताच्या ढिगात खोल पुरून कुजवावीत. ती कुजण्यास बरेच महिने लागतात, हे मात्र धरून चालावे.

काम संपल्यावर जागा व घमेले धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने धुवावे. अंगावरचे कपडे वेगळे भिजवावेत व साबणाने कोपरापर्यंत हात धुऊन मगच चुलीकडे जावे. लाकडी पाटा खरवडून, धुऊन कडक उन्हात वाळवावा आणि तो भाजी चिरण्यास वापरू नये. त्यानंतर आठ-दहा दिवसांत काम करणाऱ्यांपैकी कोणास ताप, खोकला किंवा धाप लागल्यास, वैद्यकीय अधिकाऱ्यास दाखविताना अमुक दिवशी कोंबडी साफ केली होती, हे न विचारताही सांगावे.